डबा माजघरात, टेबल खिडकीशी

चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. २०१९च्या मेमध्ये इथला पारा ४७ अंशांच्या पलीकडे गेला होता, आणि एरवीही दुपारी बारा ते पाच रस्ते ओसच असतात. दारं-खिडक्या लावलेल्या आणि अख्खं घर एका खोलीत. कारण कूलर एकच. आजी खाटेवर आडवी, धाकटा भाऊ नीटच्या पुस्तकात, आई सतरंजीवर आणि कोपऱ्यात तुम्ही. तुमच्या टेबलाखाली पीसी. व्हिडिओ रेंडरला टाकला की त्याचे पंखे असे काही सुटतात की झोपलेली आजी डोळे न उघडता म्हणते, "बंद कर न बापू ते डबडं!"

डबडं बंद करू नका. ते त्या खोलीतून उचला.

म्हणजे पीसी शेजारच्या खोलीत, टेबलावर फक्त स्क्रीन, की-बोर्ड आणि माउस. मधल्या तारा भिंतीतून किंवा भिंतीच्या कडेनं, नजरेला न पडणाऱ्या. रील्समध्ये असले चकाचक सेटअप तुम्ही पाहिले असतील: पांढरं टेबल, एक स्क्रीन, एक कुंडी, वायर एकही नाही. तिथे ती दिखाव्याची गोष्ट असते. आपल्याकडे, चंद्रपूर-गडचिरोलीत, तिला खरी कारणं आहेत.

पहिलं कारण उष्णतेचं. पीसी जितकी वीज खातो, तितकी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच सुटते. गेमिंग किंवा एडिटिंग करणारा मध्यम पीसी जोरात काम करताना ३०० वॅटच्या आसपास सहज जातो. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे तुमचा पीसी चालू झाला की त्या कूलरच्या खोलीत तीन पाहुणे येऊन बसले असं समजा. तेही न बोलावता, दुपारी दोन वाजता.

दुसरं कारण खुद्द कूलर. कूलर हवा थंड करतो ती पाणी उडवून. ती ओलसर हवा तुम्हाला बरी वाटते, पीसीला नाही. त्यात आपली धूळ साधी नाही. दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी आणि वीज केंद्र जवळ असलेल्या वस्तीत खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून बघा, काळं होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथं होतं. कोळशाची भुकटी, राख आणि कूलरची ओल एकत्र आली की पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत लेप बसतो. तो फुंकर मारून निघत नाही. ब्रशनं खरवडावा लागतो.

आणि तिसरं कारण झोप. एका खोलीत पाच माणसं झोपतात, त्यातल्या एकाचं प्रोजेक्ट रात्री दोनपर्यंत चालतं. हे कारण मला बाकी दोन्हींपेक्षा मोठं वाटतं.

उर्जानगरात हे रोज चालतं

ही कल्पना कुणा यूट्यूबरची नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात ती सगळ्यात मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. पहिला संच १९८३चा. आज २१० मेगावॉटचे दोन आणि ५०० मेगावॉटचे पाच असे मिळून २,९२० मेगावॉट. अशा कोणत्याही औष्णिक केंद्राची कंट्रोल रूम डोळ्यांसमोर आणा. ऑपरेटरपुढे स्क्रीन, की-बोर्ड, माउस, काही बटणं. निर्णय घेणारी इलेक्ट्रॉनिक कपाटं मात्र वेगळ्या वातानुकूलित खोलीत बंद असतात. कारण तेच: उष्णता, धूळ, आवाज. आणि कंट्रोल रूमच्या जमिनीखाली जवळजवळ एक अख्खा मजला फक्त केबलांसाठी असतो. त्याला केबल गॅलरी म्हणतात. माणूस आत चालत जाऊ शकतो, प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी असते, आणि वीज वाहणाऱ्या केबली वेगळ्या ट्रेवर, सिग्नलच्या वेगळ्या ट्रेवर.

आता लक्षात घ्या, तिथेही केबली लपवलेल्याच आहेत. कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला एकही दिसत नाही. पण त्या गाडलेल्या नाहीत. घरी आपण हीच गल्लत करतो. मिस्त्री झिरी मारतो, तार आत दाबतो, वरून प्लास्टर, वरून रंग. दिसायला झकास. दोन वर्षांनी तार बिघडली की भिंत फोडा. तार डोळ्यांपासून लपवायची, हातापासून नाही. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

डबा ठेवायचा कुठे?

आधी एक अडचण मान्य करू. कूलरच्या खोलीतून बाहेर काढलेला पीसी दुसऱ्या खोलीत गरमच होणार. बहुतेक पीसींच्या माहितीपत्रकात आजूबाजूची हवा ३५ अंशांपर्यंत असावी असं लिहिलेलं असतं. मेमध्ये आपल्या घरातला एखादा कोपरासुद्धा दुपारी ३५ला राहत नाही. मग करायचं काय? गच्चीच्या स्लॅबखालची खोली नको, पत्र्याची तर मुळीच नको. तळमजल्यावरची, मधली, ऊन न लागणारी खोली बघा. जुन्या घरात माजघर असतंच, तेच सगळ्यात गार. डबा जमिनीवर न ठेवता वीतभर उंच पाटावर ठेवा, म्हणजे झाडूची धूळ थेट आत जात नाही. आणि मेच्या दुपारी रेंडर लावूच नका. पहाटे चारला लावा. प्रोसेसरला जास्तीत जास्त किती वीज घेऊ द्यायची ही मर्यादा बायोसमध्ये कमी करता येते. थोडा वेग जातो, उष्णता बरीच कमी होते.

कपाटात मात्र कोंडू नका. लोक हमखास हेच करतात, कारण कपाटात ठेवलं की दिसत नाही. गणित करून बघा. एक घनमीटरच्या बंद कपाटात हवा असते जेमतेम सव्वा किलो. तिला एक अंश तापवायला सुमारे १,२०० ज्यूल लागतात. ३०० वॅट म्हणजे सेकंदाला ३०० ज्यूल. म्हणजे दर चार सेकंदांना एक अंश. लाकूड आणि भिंत काही उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो, पण दिशा तीच. कपाटच वापरायचं तर मागची फळी काढून टाका आणि दारं जाळीची करा.

आता जागा निवडतानाच एक युक्ती, जिच्यामुळे निम्मा खर्च वाचतो. टेबल आणि पीसी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ लावून ठेवा. भिंतीला एकच आरपार भोक, त्यात ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही तोंडांना झाकण. मधलं अंतर दीड-दोन मीटर. महागडी केबल नको, झिरी नको, गवंडी एका तासात मोकळा. कॉलम किंवा बीममध्ये मात्र भोक पाडायचं नाही. विटांच्या भागातच. ठोकून पाहिलं की आवाजावरून गवंड्याला कळतं, आणि तुम्हाला कळत नसेल तर त्यालाच विचारा.

तारांची लांबी

भिंत पाठीला पाठ मिळत नसेल तर खरा प्रश्न सुरू होतो. प्रत्येक तारेची एक मर्यादा असते आणि दुकानदार ती सांगेलच असं नाही.

स्क्रीनची एचडीएमआय. साध्या फुल एचडी स्क्रीनला १० मीटरची चांगली तांब्याची केबल बहुधा चालते. फोर-के असेल, तर ५ मीटरनंतर स्क्रीन मध्येच काळी होणं, ठिपके दिसणं असे प्रकार सुरू होतात. डिस्प्लेपोर्टची साधी केबल त्याहून लवकर हात टेकते, दोन-तीन मीटरच्या पुढे भरवसा नाही. यापलीकडे जायचं तर ऑप्टिकल एचडीएमआय मिळते. तिच्या पोटात काचेचे धागे असतात. ती काही शेकड्यांत नाही, काही हजारांत येते. तिची दोन टोकं सारखी नसतात: एकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं, ते पीसीकडे. दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. उलटी ओढली की चालत नाही, आणि हे पाइपातून १५ मीटर ओढून झाल्यावर कळलं तर त्या दिवशी घरात कुणाशी बोलू नका.

की-बोर्ड-माउसची यूएसबी. यूएसबी २.०ची एक केबल जास्तीत जास्त ५ मीटर. हा आकडा कुठून आला ते मजेशीर आहे. पीसी समोरच्या उपकरणाला काही विचारतो आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर ते उपकरण गेलं असं समजतो. तार लांब झाली की प्रश्नाला जायला आणि उत्तराला यायला जास्त वेळ लागतो. म्हणून मर्यादा. मध्ये हब किंवा 'अॅक्टिव्ह' एक्स्टेन्शन टाकलं की तिथून पुढे नवे ५ मीटर मिळतात. यूएसबी ३ची साधी केबल तीन मीटरच्या पुढे कुरकुरते. माझा सल्ला: टेबलापर्यंत एकच यूएसबी आणा आणि टेबलाखाली स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावा. की-बोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, वेबकॅम सगळं त्याच्यावर. हेडफोनसाठी बारीक ऑडिओची लांब तार ओढू नका, तिच्यात पंख्याच्या रेग्युलेटरची गुणगुण शिरते. हबवर लागणारं छोटं यूएसबी साउंडकार्ड घ्या.

फारच लांब, म्हणजे वाड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर केव्हीएम एक्स्टेन्डर नावाची डब्यांची जोडी मिळते. ती स्क्रीन, की-बोर्ड, माउस तिन्ही एका नेटवर्कच्या कॅट-सिक्स तारेतून नेते. त्यातल्या चांगल्या जोड्या १०० मीटरपर्यंत जातात. दोन सावधगिरी. यातल्या बऱ्याच जोड्यांना थेट तार लागते, मध्ये राउटर किंवा स्विच चालत नाही. आणि तार शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात स्वस्तात मिळणारी कॅट-सिक्स पुष्कळदा अॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. कापून टोक खरवडलं की आतून पांढरी दिसते.

"पण लांब तारेनं गेममध्ये लॅग येईल ना?" नाही. तारेतून सिग्नल मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद घेतो. १० मीटरला ५० नॅनोसेकंद. तुमची ६० हर्ट्झची स्क्रीन एक चित्र १६.७ मिलिसेकंद धरून ठेवते, म्हणजे तिच्या तुलनेत तारेचा उशीर तीन लाखांहून अधिक पटींनी लहान. लॅग येतो तो वाय-फायवरून दुसऱ्या खोलीतला पीसी चालवता तेव्हा, कारण तिथे प्रत्येक चित्र आधी दाबून लहान करावं लागतं, मग पाठवावं लागतं, मग परत उलगडावं लागतं. असाइनमेंट लिहायला तेही चालतं, आणि लॅपटॉप असेल तर फुकटात होतं. आधी ते करून बघायला काहीच हरकत नाही.

पाइप, झिरी आणि एक मेणबत्ती

घराचं बांधकाम किंवा रंगकाम निघालं असेल तर संधी सोडू नका. वायरमनभाऊला सांगून टेबलाच्या जागेपर्यंत एक वेगळा पाइप टाकून घ्या. तो विजेसाठी नेहमीचा २० किंवा २५ मिलिमीटरचा टाकेल. त्याला थांबवा. एचडीएमआयच्या प्लगचं डोकंच साधारण २० मिलिमीटर रुंद असतं. २५च्या पाइपात आतून जागा उरते त्याहून जेमतेम जास्त, वळणावर ते अडकणारच. किमान ३२, जमल्यास ४० घ्या. काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड. दोनपेक्षा जास्त वळणं आली तर मध्ये एक जंक्शन बॉक्स, ज्याचं झाकण उघडता येईल. आणि पाइपात तारांबरोबर एक नायलॉनची दोरी कायमची ठेवा. उद्या नवी तार न्यायची तर तिला बांधायची आणि ओढायची. दोरी गेली की तिच्याबरोबर पुन्हा नवी दोरी. या दोरीची किंमत दहा रुपये, आणि ती नसेल तर किंमत अख्ख्या भिंतीची.

विजेची तार या पाइपात नको. "एकाच झिरीत दोन्ही टाकून देतो, खर्च वाचेल," असं हमखास सुचवलं जाईल. नाही म्हणा. एचडीएमआय-यूएसबीचं वरचं आवरण २३० व्होल्टसाठी बनलेलं नसतं. आत कुठे विजेच्या तारेचं प्लास्टिक उंदरानं कुरतडलं किंवा उन्हानं तडकलं, तर ती वीज तुमच्या की-बोर्डपर्यंत येऊ शकते. दोन पाइपांत वीतभर अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचेच असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

उरलेली भोकं बुजवण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचं अणुवीज केंद्र आहे. २२ मार्च १९७५ची दुपार. कंट्रोल रूमच्या खालच्या केबलच्या खोलीत कामगार भिंतीतली केबलांची भोकं फोमनं बुजवत होते. हवा कुठून गळते हे बघायला त्यांनी पेटती मेणबत्ती भोकाजवळ धरली. ज्योत आत ओढली गेली. फोम पेटला. आग भिंतीच्या पलीकडे गेली, सात तास धुमसत राहिली आणि १,६००हून अधिक केबली निकामी झाल्या. वर बसलेल्या ऑपरेटरांच्या हातातली नियंत्रणं एकेक करून मुकी होत गेली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, पण त्यानंतर जगभरच्या वीज केंद्रांत केबलांचं भोक कशानं बुजवायचं याचे नियम बदलले.

आपल्या घरी काय होतं? वर्तमानपत्राचा बोळा. थर्माकोल. गादीतला फोम. दिसायला नीटनेटकं, आणि ठिणगी पडली की वात. भोकाभोवती सिमेंट किंवा पुट्टी लावा, पाइपाचं तोंड प्लास्टिकच्या टोपीनं बंद करा आणि विजेच्या तारा घेताना त्यांच्यावर 'एफआरएलएस' छापलंय का बघा. म्हणजे आग लवकर न धरणारी, कमी धूर करणारी. लपलेल्या तारेचा धूरही आधी लपलेलाच असतो.

वीज वरूनही येते

मेच्या शेवटी आणि जूनमध्ये आपल्याकडे जे ढग गरजतात, त्यांनी दरवर्षी शेतातली माणसं आणि जनावरं जातात. घरातल्या वस्तूंचा हिशेब कोण ठेवतो? पण जवळपास वीज पडली की लांब तांब्याच्या तारेत क्षणभर झटका तयार होतो. तार अँटेनासारखी वागते. तार जितकी लांब, झटका तितका मोठा, आणि तो थेट पीसीच्या मदरबोर्डवर उतरतो.

एकाच घरात, एकाच अर्थिंगवर असाल तर काळजी मर्यादित. पण पीसी मुख्य घरात आणि टेबल अंगणापलीकडच्या खोलीत, असं असेल तर तांबं ओढूच नका. दोन इमारतींची जमीन विजेच्या दृष्टीनं एकसारखी नसते आणि फरकाची वीज तुमच्या तारेतून वाहते. तिथे काचेची तारच हवी, म्हणजे ऑप्टिकल. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. एचडीएमआय ऑप्टिकल घेताना एवढं विचारा की तिच्यात सोबत बारीक तांबं आहे का. पुष्कळदा असतं. अंगण ओलांडायला निव्वळ फायबर आणि दोन्ही टोकांना वेगळा अडॅप्टर लागणारी जोडी घ्यावी.

नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सर्वांत दूरच्या दोघींमध्ये सुमारे २५ किलोमीटर. प्रत्येकीनं पकडलेला आकाशाचा सिग्नल जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरनं मधल्या इमारतीत येतो आणि तिथले कम्प्युटर तो एकत्र जुळवतात. अँटेना शेतांच्या मधोमध, कम्प्युटर मैलोगणती दूर. इतक्या अंतरावर काचेला पर्याय नाही.

अर्थिंग तपासल्याशिवाय यातलं काहीच करू नका. स्क्रीनच्या कडेला हात लावला की मुंग्या येतात? म्हणजे कुठल्या तरी सॉकेटला अर्थिंग नाही. पीसी एका बोर्डावर, स्क्रीन दुसऱ्यावर आणि त्यातल्या एकाला अर्थिंग नसेल तर गळकी वीज एचडीएमआयच्या आवरणातून वाट काढते. तीन पिनांची सॉकेटं दोन्हीकडे, आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो पीसीसाठी नाही, तुमच्यासाठी.

कवेलूखाली

गडचिरोलीकडच्या कवेलूच्या, मातीच्या किंवा कुडाच्या घरात झिरीचा विषयच नाही. मातीच्या भिंतीला झिरी मारली की ढेकळं खाली येतात. तिथे पीव्हीसी पाइप वाशांच्या कडेनं, क्लिपांनी धरून न्या. खाली टेबलाकडे उतरताना खांबाच्या मागून. चुना किंवा रंगाचा हात त्यावरून फिरवला की तो पाइप घराचाच वाटतो.

शत्रू दोन. वाळवी आणि उंदीर. घरात धान भरलेलं असतं, मोहफुलं वाळवून ठेवलेली असतात, उंदीर येणारच, आणि दात घासायला त्यांना तारेचं मऊ प्लास्टिक आवडतं. म्हणून उघडी तार माळ्यावरून नको, पूर्ण लांबी पाइपात आणि दोन्ही तोंडं बंद. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग असेल तर नवी तार त्याच पट्टीवर ठोकू नका. वाळवीनं पट्टी आतून पोकळ केलेली असते आणि खिळा मारेपर्यंत ते कळत नाही.

भामरागडला पर्लकोटेला पूर आला आणि संपर्क तुटला की केबल आणायला कोण जाणार? एटापल्लीत, सिरोंच्यातही हवी ती केबल दुकानात मिळेलच असं नाही. पाइप टाकताना एक जादा यूएसबी आणि एक कॅट-सिक्स आधीच आत ओढून ठेवा, टोकं गुंडाळून. लागली नाही तरी बिघडलं काय.

खोली भाड्याची असेल तर?

गोंडवाना विद्यापीठात किंवा चंद्रपुरात इंजिनीअरिंगला असाल आणि खोली घरमालकाची असेल, तर भोक पाडायच्या गोष्टी विसरा. केसिंग-पट्टी आणा. पांढरी, चौकोनी, वरचं झाकण सरकवून निघणारी. भिंतीच्या तळाशी, फरशीला लागून चिकटवली की दिसतसुद्धा नाही. दाराच्या चौकटीखालून तार न्यायचा मोह होईल. दार रोज पन्नास वेळा तिच्यावर आपटणार, त्यामुळे चौकटीच्या वरून न्या. खोली सोडताना पट्टी काढून घ्या, डिपॉझिटही सुटेल. आणि रूममेटचं मत आधी विचारा, कारण तुमचा डबा कदाचित त्याच्या उशाशी जाणार आहे.

एक-दोन गोष्टी ज्या सगळं जोडून झाल्यावर आठवतात. पीसी दुसऱ्या खोलीत, मग चालू कसा करणार? बायोसमध्ये 'की-बोर्डनं चालू करा' असा पर्याय बहुतेक मदरबोर्डांत असतो. नसेल तर पॉवर बटणाची लांब तार बाजारात मिळते, तिचं बटण टेबलाच्या कडेला चिकटवा. लाइट जाते तेव्हाचाही विचार करा. यूपीएस पीसीजवळ ठेवला आणि स्क्रीन टेबलाजवळच्या साध्या सॉकेटवर, तर लाइट गेल्यावर पीसी चालू आणि स्क्रीन काळी. सेव्ह करायला काही दिसायलाच नको! स्क्रीनचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, किंवा यूपीएसवरून एक वेगळा पाइप, विजेचा, टेबलापर्यंत आणा. आणि नजरेआड गेलेला डबा विसरला जातो, म्हणून मोबाइलवर महिन्याचा गजर लावा: जाळी काढणं, ब्रश, पंखे.

झिरी बुजवण्याआधी, प्लास्टर ओलं होण्याआधी, भिंतीचे फोटो काढा. शेजारी टेप धरून, म्हणजे जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते दिसेल. चार वर्षांनी कुणी तरी त्याच भिंतीत दिनदर्शिकेसाठी खिळा ठोकणार आहे. फोटो आई-बाबांच्या मोबाइलवरही पाठवा. नुसते त्याच पीसीत ठेवू नका.